गच्चीवरून दिसणारं अंतराळातलं घर

दोस्तांनो, रात्रीच्या आकाशात सरकणारा प्रत्येक ठिपका विमानाचा नसतो, बरं का! कधी कधी तो ठिपका म्हणजे चक्क एक घर असतं. त्यात साधारण सातजण राहत असतात, जेवत असतात, प्रयोग करत असतात आणि भिंतीला बांधलेल्या झोपायच्या पिशवीत शिरून झोपतही असतात.

या घराचं नाव आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. अमेरिका, रशिया, युरोपातले देश, जपान आणि कॅनडा यांनी मिळून ते बांधलं. पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी वर गेला. २ नोव्हेंबर २००० रोजी पहिले रहिवासी पोचले आणि तेव्हापासून हे घर एक दिवससुद्धा रिकामं राहिलेलं नाही. लांबी १०९ मीटर. म्हणजे शाळेच्या मैदानावर शंभर मीटर शर्यतीची पट्टी आखली, तरी हे स्थानक तिच्या बाहेर जाईल! सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये आठेक दिवसांच्या बोलीवर इथे गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये परतल्या. त्याच वर्षी जून-जुलैत आपले शुभांशू शुक्ला अठरा दिवस इथे राहून आले.

हे सगळं तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतं. दुर्बीण नको, तिकीट नको. शहरात दिव्यांमुळे तारे दिसत नाहीत अशी आपली नेहमीची तक्रार असते, पण स्थानक शहरातूनही दिसतं. माथ्यावरून जाताना ते व्याधाच्या ताऱ्यापेक्षा जास्त चमकतं, कधी कधी थेट शुक्राशी बरोबरी करतं.

आता गंमत अशी, की स्थानकाला बाहेरून आपल्याला दिसेल असा एकही दिवा नाही. मग ते चमकतं कसं?

संध्याकाळी एखाद्या गडाकडे पाहिलंय कधी? पायथ्याच्या गावात दिवेलागण झालेली असते, पण माथ्यावरच्या बुरुजावर अजून ऊन रेंगाळत असतं. स्थानक तर चारशे किलोमीटरहून उंचावर! आपल्याकडे सूर्य मावळून अंधार पडतो, तरी तिथे लख्ख ऊन असतं. ते ऊन स्थानकाच्या भल्यामोठ्या सौरपंखांवर पडतं, तिथून परावर्तित होतं आणि आपल्या डोळ्यांपर्यंत येतं. म्हणून ते बघायची वेळ दोनच. सूर्यास्तानंतरचे दीड-दोन तास आणि सूर्योदयापूर्वीचे तेवढेच. मध्यरात्री ते डोक्यावरून गेलं तरी सहसा दिसत नाही, कारण तेव्हा तेही आपल्यासारखंच पृथ्वीच्या सावलीत असतं. आणि दिवसा? दिवसा आकाशच इतकं उजळलेलं असतं, की ठिपका हरवून जातो.

या सावलीमुळेच सगळ्यात सुंदर प्रकार घडतो. संध्याकाळी स्थानक पश्चिमेकडून उगवतं, झरझर वर येतं, आणि पूर्वेकडे उतरता उतरता, आकाशात ढग नसताना, बघता बघता विझतं. क्षणभर जरा तांबूस होतं आणि नाहीसं! त्या क्षणी तिथल्या लोकांचा सूर्य मावळलेला असतो. त्यांना असे सोळाएक सूर्यास्त रोज बघायला मिळतात, कारण पृथ्वीभोवतीची एक फेरी ते साधारण ९३ मिनिटांत पूर्ण करतात. पहाटेच्या फेरीत उलटं होतं. कधी कधी स्थानक एकदम आकाशाच्या मध्यावरच उजळतं, जणू कुणी बटण दाबलं.

वेग किती म्हणाल, तर सेकंदाला साडेसात किलोमीटरहून थोडा जास्तच. दख्खनची राणी मुंबईहून पुण्याला यायला तीन तासांहून जास्त घेते. स्थानकाला तेवढं अंतर कापायला पंधरा-सोळा सेकंद पुरतात.

‘मग रोज संध्याकाळी का दिसत नाही?’ हा प्रश्न तुम्ही विचारणारच. स्थानक एक फेरी मारून येतं, तोवर पृथ्वी स्वतःभोवती थोडी फिरलेली असते. त्यामुळे आत्ता ते मुंबईवरून गेलं असेल, तर पुढच्या फेरीत ते मुंबईच्या पश्चिमेला जवळजवळ २४०० किलोमीटरवर, अरबस्तानाच्या बाजूला असतं. काही दिवस ते संध्याकाळी दिसतं, मग काही दिवस दर्शनच नाही, मग पहाटे. म्हणून आधी वेळापत्रक बघायला हवं. नासाचं ‘स्पॉट द स्टेशन’ हे मोफत अ‍ॅप आईबाबांच्या फोनवर घ्या आणि आपलं गाव निवडा.

वेळापत्रकात वेळ, दिशा आणि उंची दिलेली असते. उंची अंशांत असते. क्षितिज म्हणजे शून्य, थेट डोक्यावर म्हणजे नव्वद. अंश मोजायला कंपासपेटी नको. हात सरळ ताणून मूठ धरा, ती मूठ साधारण दहा अंशांची. चाळीस अंश लिहिलं असेल तर क्षितिजापासून एकावर एक चार मुठी. वीस अंशांच्या खालची फेरी मी तरी सोडून देईन. इमारती, झाडं आणि धूळ यांतच ती संपते. आणि पावसाळ्यात फार आशा ठेवू नका, दिवाळीनंतरचं आकाश बरं.

दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी मोठ्या माणसांसोबत गच्चीवर जा. कठड्यापासून लांब उभे राहा. मान वर करून चालणाऱ्याला पाय दिसत नाहीत! गच्चीवरचा दिवा बंद करा. ठिपका लुकलुकत असेल, तांबडे-हिरवे दिवे दिसत असतील तर ते विमान. स्थानक लुकलुकत नाही, आवाज करत नाही आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे कधीच जात नाही. जास्तीत जास्त सहा मिनिटांचा खेळ.

घरातल्या आजी-आजोबांनाही बोलवा आणि त्यांना ‘स्कायलॅब’बद्दल जरूर विचारा. ते अमेरिकेचं जुनं अंतराळ स्थानक. १९७९ मध्ये ते पडणार म्हणून भारतातही केवढी घबराट उडाली होती! ११ जुलैला ते कोसळलं. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, कुणालाही इजा झाली नाही. तिथल्या एस्परन्स गावच्या प्रशासनानं मात्र नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला!

आजचं स्थानकही कायमचं नाही. त्याचे सांधे, नळ्या जुन्या होत चालल्या आहेत. सध्याच्या योजनेप्रमाणे २०३० नंतर एक खास यान जोडून ते मुद्दाम खाली आणायचं आणि प्रशांत महासागरातल्या निर्जन भागात पाडायचं आहे. म्हणजे आज पाचवीत असलेली मुलं दहावीत जातील, तेव्हा कदाचित हा ठिपका आकाशात नसेल. चीनचं ‘त्यानकुंग’ स्थानकही आपल्याकडून दिसतं, पण ते आकारानं बरंच लहान आहे.

आणखी एक युक्ती. नागपूरला मावशी किंवा आत्या असेल तर तिला आधीच वेळ कळवून ठेवा. स्थानक इतकं उंच असतं, की तुम्ही मुंबईत आणि ती नागपुरात, दोघांनाही ते एकाच वेळी दिसू शकतं. फक्त आकाशातली जागा वेगळी. दोघांनी आपापल्या वहीत वेळ, दिशा आणि किती मुठी उंच, ते लिहा आणि मग पडताळून पाहा. फोन मात्र आधीच लावून ठेवा. ‘दिसलं का गं?’ असं नंतर विचारेपर्यंत ते बंगालच्या उपसागरावर पोचलेलं असेल.