‘लीज’ आणि ‘लायसन्स’

नवी मुंबईत ‘लीज’ व ‘लायसन्स’ या दोन्ही इंग्रजी शब्दांना बोलण्यात ‘भाड्याने’ असेच म्हटले जाते. कायद्यात मात्र त्यांत मोठा भेद आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील लीज, म्हणजे भाडेपट्टा, मालमत्तेच्या उपभोगाचा हक्कच हस्तांतरित करतो. सिडकोने येथील भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, ते याच अर्थाने. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमातील लायसन्स ही केवळ वापराची परवानगी; तिच्यामुळे जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. सदनिकांचे ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार या दुसऱ्या प्रकारचे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार अशा कराराच्या नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. लेखी नोंदणीकृत करार नसल्यास अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणून स्वाक्षरीपूर्वी उभयतांनी हा शब्दभेद जाणून घेणे हितावह ठरते.