मुरगळलेला पाय आणि विश्रांतीचा गैरसमज

कबड्डीच्या मैदानावर चढाई करून परतणाऱ्या खेळाडूचा पाय आत वळतो, घोट्याच्या बाहेरच्या बाजूस कळ येते आणि तासाभरात सूज चढते. वसतिगृहात राहून गेलेल्या बहुतेकांनी हे भोगले किंवा पाहिले असेल. पुढचा क्रमही ठरलेलाच असतो: आंबेहळदीचा लेप, घट्ट पट्टी, जोरकस मालीश आणि मग पंधरवडाभर अंथरूण. लेपाबद्दल आमची तक्रार नाही. मालीश आणि अंथरूण यांविषयी मात्र लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. घरोघरच्या आजी आमच्यावर रागावतील, हे गृहीत धरूनच आम्ही लिहीत आहोत.

घोट्याच्या बाहेरील बाजूस हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतुमय अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, असतात. पाय आत वळला की ते ताणले जातात आणि त्यांतील काही तंतू तुटतात. त्यानंतरची सूज हा बरे होण्याच्या क्रियेचाच आरंभ होय. या दिवसांत जोराने चोळल्यास दुखावलेले तंतू व बारीक रक्तवाहिन्या पुन्हा दुखावतात. पाय उंचावर ठेवावा, बोटे काळीनिळी पडणार नाहीत इतपत पट्टी बांधावी; वेदना कमी करण्यास कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा.

तत्पूर्वी हाड मोडले नाही ना, हे पाहिले पाहिजे. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे निकष प्रसिद्ध केले. पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागील कडेवर वा टोकावर, किंवा पाऊलाच्या मध्यभागी आतल्या वा बाहेरच्या हाडावर दाबले असता दुखत असेल, तर एक्स-रे काढावा.

हाड शाबूत असेल, तर दोन-तीन दिवसांनंतरची संपूर्ण विश्रांती उपकारक ठरत नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. पुढे त्यांनी स्वतःच आपले मत बदलले आणि बर्फ व पूर्ण विश्रांतीमुळे बरे होण्यास विलंब लागू शकतो, असे जाहीरपणे लिहिले. यामागील कारण समजण्यासारखे आहे. नव्याने तयार होणारे तंतू आरंभी वेडेवाकडे पसरलेले असतात. सुतळी वळताना ताण दिला नाही तर पीळ बसत नाही. त्याप्रमाणे बेताचा ताण मिळाला, तरच हे तंतू योग्य दिशेने रचले जातात. शिवाय निजून राहिल्याने पोटरीचे स्नायू काही आठवड्यांतच रोडावतात.

येथे भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, कामी येते. प्रथम पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरे गिरवायची. नंतर भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलायच्या. मग दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहायचे, आधी डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून. हा शेवटचा व्यायाम मुले हमखास टाळतात, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. अस्थिबंधांत सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी नसांची टोके असतात. इजेनंतर ही जाण मंदावते आणि दुखणे थांबले तरी पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शाळेत दुर्लक्षिलेला घोटा तेथे दगा देऊ शकतो.

व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, ही याची भगिनी शाखा. भारतात तिचे शिक्षण सुरू झाले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, १९५० मध्ये. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. नावावरून ती नोकरी-धंद्याशी निगडित वाटते, परंतु येथे व्यवसाय म्हणजे माणसाचे रोजचे कोणतेही काम. सांधा किती अंशांत वळतो, एवढ्यावर हा उपचारक थांबत नाही. मुलाला विहारात मांडी घालून बसता येते का, शौचास उकिडवे बसता येते का, हे तो विचारतो.

मनगटाचे हाड मोडून प्लास्टर निघालेल्या मातेचेच पाहा. तिची बोटे आखडलेली असतात, पकड सैल झालेली असते. पण घर आणि मजुरी थांबत नाही. व्यवसायोपचारक तिला कणीक मळण्यासारख्या कामातूनच व्यायाम देतो. खुरप्याची मूठ कापड गुंडाळून जाड करण्यास सांगतो, कारण जाड मूठ धरण्यास बोटे कमी मिटावी लागतात. भरलेली घागर एका हाताने न उचलता दोन्ही हातांनी अंगाजवळ धरून उचलायला शिकवतो. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचाराची सोय असते. प्लास्टर काढण्याच्या दिवशीच, घरी परतण्यापूर्वी, तेथे जाऊन व्यायाम विचारून घ्यावेत आणि प्लास्टर असतानाही डॉक्टरांच्या संमतीने बोटे, कोपर व खांदा हलवत राहावे.