गाडी खाली केली, पण मागच्या चाकांचं काय?

गेल्या बकरी ईदला मुंबईहून महाडला येताना माझ्या भाच्याची गाडी माणगावच्या अलीकडे भर पावसात वळणावर मागून सरकली. अल्हम्दुलिल्लाह, कुणाला इजा झाली नाही. मागच्या सीटवर माझी आपा आणि तिची लहान नात होती.

महाडला चाक काढलं तेव्हा कारण दिसलं. बाहेरून टायर नवा वाटत होता. आतली कड मात्र तारा दिसेपर्यंत झिजली होती. भाच्याने सहा महिन्यांपूर्वी आखूड स्प्रिंगा बसवून गाडी ४० मिलिमीटर खाली केली होती. "मामू, अलाइनमेंट केली होती," तो म्हणाला. कागद पाहिला, तर फक्त पुढच्या चाकांची केलेली!

आपल्या बऱ्याच घरांत गाडीचा शौक असलेला एखादा मुलगा असतोच. म्हणून हे सविस्तर लिहितो.

स्कोडा ऑक्टाविया आरएससारख्या गाडीत मागचं प्रत्येक चाक तीन-चार आर्मनी स्वतंत्रपणे धरलेलं असतं. याला मल्टी-लिंक म्हणतात. भाच्याची गाडीही याच पद्धतीची. यात वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असतो. एक आखूड आणि एक लांब पट्टी भिंतीवर वर-खाली खिळ्याने टोचा आणि दोन्ही आडव्या धरून सारख्याच उंचीने वर फिरवा. आखूड पट्टीचं टोक जास्त आत येतं. गाडी खाली बसली की असंच होतं. चाकाचा माथा आत झुकतो. हा झुकाव म्हणजे कॅम्बर.

दुसरा कोन टो. वरून पाहिलं तर चाक सरळ पुढे बघतंय, की किंचित आत-बाहेर, हे टो सांगतो. गाडी खाली केली की तोही बदलतो आणि टायरचा खरा शत्रू हाच आहे. चाक अर्धा अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे ९ मीटर आडवं घासलं जातं. त्यात कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर आलेला असतो, म्हणून तीच कड संपते. शिवाय मागची चाकं बाहेरच्या बाजूला बघत असतील तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट सुटते. मागे टो किंचित आत असणंच सुरक्षित.

दुरुस्ती अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटर बसू द्याव्यात. झिजलेले बुश बदलावेत. टायरमध्ये हवा बरोबर भरावी. मग चारही चाकांची अलाइनमेंट करावी, मागची आधी आणि पुढची नंतर. मागे आधी कॅम्बर लावायचा, मग टो. कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. डाव्या-उजव्या चाकांचा टो सारखा हवा, नाहीतर गाडी खेकड्यासारखी तिरकी धावते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं राहतं.

अशा गाड्यांत या कामासाठी एक्सेन्ट्रिक बोल्ट असतात. ते पूर्ण फिरवूनही कोन जमला नाही, तर लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म बसवावे लागतात. आर्मचे बोल्ट शेवटी घट्ट करताना गाडीचं वजन चाकांवर हवं. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

साध्या हॅचबॅकमध्ये बहुधा मागे एकच जोडदांडा असतो. तिथे गाडी खाली केल्याने कोन फारसे बदलत नाहीत, पण ते बदलण्याची सोयही सहसा नसते.

भाच्याने नवे टायर आणि मागचे आर्म बसवले. तिसऱ्यांदा मोजल्यावर कोन जमले. खर्च स्प्रिंगांपेक्षा जास्त झाला. पुढच्या वेळी आपा गाडीत बसण्याआधी म्हणाली, "आधी कागद दाखव." त्याने मुकाट्याने काढून दिला. तिला आकडे कळत नाहीत, पण चारही चाकांची नोंद आहे ना, एवढं तिने बोट ठेवून मोजलं.

तुमच्या घरातल्या मुलालाही तेवढं विचारा.