वीस वॅटचा मेंदू

मे महिन्यात रामदासपेठेत घरोघरी कूलर सुरू असतात. कूलरच्या ताट्यांवर पाणी चढवणारा तळातला छोटा पंप साधारण १८ ते २० वॅट वीज घेतो. आपला मेंदूही जवळपास तेवढ्याच शक्तीवर चालतो! भाषा, गणित, आठवणी, राग-लोभ, स्वप्नं, सगळं तेवढ्यात.

आकडा लहान असला, तरी शरीराच्या हिशेबात मेंदू भलताच खर्चिक आहे. वजनाने तो शरीराच्या सुमारे २ टक्के. पण आपण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा वापरतं, तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा त्याचा. दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज तो संपवतो आणि शिल्लक जवळजवळ काहीच ठेवत नाही. रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते.

रामदासपेठ ही नागपुरातली दवाखान्यांची वस्ती. साखर उतरलेला मधुमेही रुग्ण इथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना नवा नाही. दरदरून घाम येतो, बोलणं अडखळतं, घरची माणसंही ओळखू येईनाशी होतात. शिरेतून ग्लुकोज दिलं, की बहुतेक वेळा काही मिनिटांतच तो डोळे उघडून विचारतो, "काय झालं होतं मला?" एका साध्या साखरेच्या रेणूने माणसाला त्याची ओळख परत मिळते, याहून मोठं नवल कोणतं?

ही ऊर्जा नेमकी जाते कुठे? चेतापेशीच्या आवरणाच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. तो क्षुल्लक वाटेल. पण आवरणाची जाडी अवघी पाच नॅनोमीटर आहे. म्हणजे दर मीटरला एक कोटी व्होल्टहून अधिक ताण! हवेत ठिणगी पडायला याचा एक चतुर्थांशही पुरतो. पेशी हा ताण क्षणोक्षणी सांभाळते, कारण तो ढळला की संदेश पाठवणं थांबलं.

हे सांभाळण्याचं काम आवरणात रुतलेले सूक्ष्म पंप करतात. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एटीपी हे पेशीचं चलन. त्याचा एक रेणू खर्चून हा पंप सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. पेशी संदेश देते तेव्हा दारं उघडतात आणि सोडियम आपोआप आत धावतो. खरा खर्च त्यानंतरचा: आत आलेलं सगळं पुन्हा बाहेर काढण्याचा. सर्वाधिक खर्च होतो तो दोन पेशींच्या सांध्यांवर, जिथे एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जातं.

म्हणूनच अवघड गणित सोडवताना संपूर्ण मेंदूचा खर्च फारसा वाढत नाही. मोठी रक्कम सज्ज राहण्यातच गेलेली असते. आणि उरलेल्या रकमेत सगळ्या पेशींना एकदम जोरात बोलणं परवडत नाही. एका वेळी थोड्याच बोलतात, बाकीच्या गप्प राहतात.

पुरवठा आटला तर? २०२२ मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी काही आठवडे कमी खाद्य दिलेल्या उंदरांचा दृष्टिमेंदू तपासला. दृश्य पाहताना तिथल्या पेशींनी एटीपीचा खर्च २९ टक्क्यांनी घटवला होता. त्या पूर्वीइतक्याच वेळा संदेश देत होत्या. फक्त पाहण्यातले बारकावे पुसट झाले होते. उपाशी मेंदूने जग बंद केलं नाही, त्याची धार कमी केली.

याच्या उलट दिशेची गोष्ट मुंबईची. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य, उल्लास कोल्थुर-सीताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या चेतापेशींवर सेरोटोनिनचा परिणाम पाहिला. सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी नातं असलेला संदेशवाहक रेणू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात दिसलं, की सेरोटोनिन मिळालेल्या पेशींत एटीपी बनवणारी मायटोकाँड्रिया वाढतात, एटीपीही वाढतं आणि घातक ताणासमोर त्या पेशी अधिक तग धरतात.

म्हणजे इंधन विचारांना वाट देतं, एवढंच खरं नाही. पेशींचं आपसातलं बोलणंसुद्धा नवं इंधनघर उभारतं. मेंदूचे आजार समजून घेताना या दोन्ही बाजू एकत्र पाहाव्या लागतील. बोलणाऱ्या पेशीला जपायचं, तर तिच्या ऊर्जेचीही काळजी घ्यायला हवी.