गोटा झालेला टायर

मोटारीचे चारही टायर गोटा झाले आहेत आणि पैसे मात्र दोन टायरांपुरतेच आहेत. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी जुनी मोटार बाळगणाऱ्या कुटुंबापुढे हा पेच कधी ना कधी येतोच. कुणी सांगतो, दोनच घ्या. कुणी म्हणतो, वापरलेले टायर स्वस्तात मिळतात. कुणी रबर चढवून घ्यायला सुचवतो. यांतले खरे काय, हे ठरवायला थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे रसायन पुरते.

टायर जमिनीला टेकतो तरी किती? माणसांसह गाडीचे वजन १,००० किलोग्रॅम धरू. म्हणजे एका चाकावर २५० किलोग्रॅम. टायरमधील हवेचा दाब ३३ पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम. भागाकार करून पाहा. उत्तर येते सुमारे १०९ चौरस सेंटिमीटर. टपालाचे पोस्टकार्डसुद्धा याहून थोडे मोठे असते! ब्रेक दाबला की गाडीला थोपवण्याचे सारे काम अशा चार तुकड्यांवर येऊन पडते.

आता एक गंमत. कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायर काही वाईट पकडत नाही. शर्यतीच्या मोटारी कोरड्या दिवशी नक्षी नसलेलेच टायर लावतात. म्हणून गोटा टायरचा मालक उन्हाळाभर म्हणत राहतो, "गाडी तर छान पळते आहे." खरी परीक्षा मृग नक्षत्रानंतर सुरू होते.

रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले आहे, टायरची रुंदी १५५ मिलिमीटर आहे आणि वेग ताशी ८० किलोमीटर आहे, असे समजा. तर त्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १० लिटर पाणी बाजूला सारावे लागते. टायरवरील खाचा हे त्या पाण्याचे नाले होत. नाले बुजले की पाण्याला वाट मिळत नाही, ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. मग स्टिअरिंग फिरवा नाही तर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

हे कोणत्या वेगाला घडते, याचा एक सोपा हिशेब विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने १९६० च्या दशकात मांडला. पौंडातील दाबाचे वर्गमूळ काढा आणि त्याला १६.६ ने गुणा. साचलेल्या पाण्यावर गुळगुळीत टायर ज्या वेगाला तरंगतो, तो ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३३ पौंडांना उत्तर येते सुमारे ९५. हवा २० पौंडांवर उतरली असेल तर अवघे ७४. आर्वी तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, हे ध्यानात घ्या. २०२३ साली परिवहन खात्याने या मार्गावर टायरांची तपासणी सुरू केली, ती उगाच नव्हे.

खाच किती उरली, हे तुम्हीच मोजू शकता. खाचेत आगकाडी उभी धरा, नखाने खूण करा आणि कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची मर्यादा. पण पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटरलाच टायर बदललेला बरा. मोजताना झीज कुठे आहे तेही पाहा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली होती. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त होती. एकच कड झिजली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. ते आधी दुरुस्त केले नाही तर नवे टायरही तसेच झिजतील.

वापरलेला टायर घेताना खाच खोल दिसली म्हणून भुलू नये. रबराच्या लांब रेणूंमधील दुहेरी बंधांवर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन सतत हल्ला करीत असतात. रबर कडक होते, त्यास बारीक भेगा पडतात. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, आणि वैदर्भीय उन्हाळ्याविषयी तर बोलायलाच नको. टायरच्या कुशीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. '२३१७' याचा अर्थ २०१७ सालचा २३ वा आठवडा. कुशीला फुगवटा आलेला टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये. आतले धागे तुटलेले असतात.

रबर चढवण्याची पद्धत मात्र वाईट नाही. एस. टी. महामंडळ स्वतःच्या केंद्रांत बसच्या टायरांवर असे रबर चढवते. जुना थर घासून काढतात, नवा पट्टा बसवतात आणि दाब व उष्णता देऊन तो पक्का करतात. गंधक आणि उष्णता यांनी रबर चिवट होते, हे चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली उमगले होते. तीच ही रसायनक्रिया. बसच्या टायरचा सांगाडा जाड व महाग असतो, म्हणून तो वाचवणे परवडते. लहान मोटारीच्या टायरचा सांगाडा पातळ असतो आणि बचतही थोडकीच होते. गोटा टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा कोरणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे, कारण पाते थेट धाग्यांपर्यंत पोहोचते.

म्हणजे दोन नवे टायर घेणे हेच बरे. ते कुठे बसवावेत? बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते, म्हणून पुष्कळजण नवे टायर पुढेच घालतात. पण ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, आणि वेग कमी केल्यावर बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते व सामान्य चालकाला ती आवरत नाही. म्हणून नवी जोडी मागे घालावी. उरलेल्या जुन्यांतली चांगली जोडी पुढे येईल. तीही ३ मिलिमीटरखाली असेल तर पावसात वेग आवरावा आणि पुढच्या पैशांतून आधी तीच बदलावी.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी. तापमान १० अंशांनी चढले की दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. दुपारी तो वाढलेला पाहून हवा सोडू नये.

राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथील एका कंपनीने १९०४ पासून जादा चाके विकली. ती न वापरता पडून असली तरी तिचे रबर म्हातारे होतच असते. तेव्हा तिच्याही कुशीवरचे चार आकडे वाचून पाहा.