फिरत्या घरास शेतावर मुक्काम : भोर-वेल्हे भागातील वाटा, तळ व खर्च

घर पाठीवर घेऊन फिरणारा मनुष्य आपल्या शेतकऱ्यास नवा नाही. पावसाळा सरला की घोड्यावर बिऱ्हाड लादून धनगराचे वाडे वाटेस लागतात; त्यांचे मुक्काम कोठे व्हावयाचे हे चारा, पाणी आणि ओळखीचा शेतकरी या तीन गोष्टींवरून ठरते. ज्याच्या रानात मेंढरे बसतात त्यास खत मिळते, आणि धनगरास धान्य किंवा रोकड मिळते. दोघांची गरज भागते म्हणून हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. अलीकडे याच जातीचा दुसरा एक प्रवासी आपल्या रस्त्यांवर दिसू लागला आहे. तो मोटारीतच बिछाना, चूल, पाण्याची टाकी व बहुधा शौचकूपही घेऊन फिरतो. या गाडीस कॅरव्हॅन म्हणतात. तिच्या मालकास खोली नको असते; रात्रीपुरती सपाट, सुरक्षित जागा आणि पाणी हवे असते. ही जागा भोर व वेल्हे या भागांतील शेतकऱ्यापाशी आहे. ती देताना लाभ कसा होईल व नुकसान कसे टळेल, याचा विचार येथे करावयाचा आहे. (वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे, परंतु गावास व भागास लोक वेल्हे म्हणूनच ओळखतात.)

इतर देशांतील अनुभव

हौसेने फिरते घर बांधण्याची चाल इंग्लंडात १८८५ साली सुरू झाली असे मानतात. त्या वर्षी गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनी घोड्यांनी ओढावयाचे एक घर मुद्दाम बांधवून प्रवास केला. पुढे १९०७ साली तेथे अशा प्रवाशांचा क्लब निघाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तेथील १९६० चा कायदा. मान्यताप्राप्त संस्थेने दाखला दिलेल्या लहान जागेवर, निराळा परवाना न काढता, एका वेळी पाचपर्यंत कॅरव्हॅन उभ्या करता येतात. यामुळे शेतीचे शेतीपण न मोडता कुरणाच्या कोपऱ्यात पाच गाड्यांचा तळ चालविणे तेथील शेतकऱ्यास साधले. फ्रान्सात १९९३ साली निराळीच योजना निघाली. तीत सभासद प्रवाशास द्राक्षमळ्यात किंवा शेतावर एक रात्र विनामूल्य उतरता येते, आणि शेतकऱ्याचा फायदा द्राक्षासव, चीज, मध व फळे यांच्या विक्रीतून होतो. अमेरिकेत २००९ पासून याच धर्तीची एक संस्था चालू आहे. या उदाहरणांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत : तळ लहान ठेवावा, आणि जागेच्या भाड्यापेक्षा मालाच्या विक्रीवर अधिक भरवसा ठेवावा.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ज्यास हा उद्योग नियमित करावयाचा आहे त्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी प्रथम करावी.

वाटांचा विचार

या भागात अंतर मैलांनी मोजून चालत नाही. घाटाने व पावसाने मोजावे लागते. राजरस्त्यावर तासाला साठ किलोमीटर जाणारी गाडी घाटवळणांत पंचवीसच्या वर क्वचित जाते. म्हणून दिवसाची मजल शंभर किलोमीटरांच्या आत ठेवून सूर्यास्तापूर्वी तळावर पोहोचावे, हा प्रवाशाचा पहिला नियम. शेतकऱ्यानेही पाहुण्यास वाट सांगताना हेच सांगितले पाहिजे. पुण्याहून येणाऱ्यास पुढील चार वाटा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली वाट भोरची. पुणे-सातारा रस्त्याने नसरापुरावरून कापूरहोळास यावे व तेथून उजवीकडे वळून भोर गाठावे. सर्व मिळून पन्नास-बावन्न किलोमीटर होतात. वाटेत नसरापुराजवळ बनेश्वराचे देवालय आहे. भोरच्या अलीकडे वेळवंडी नदीवर १९२८ साली पुरे झालेले भाटघरचे धरण लागते. ही वाट सर्वांत सोपी असून मोठ्या गाडीस व नवख्या प्रवाशास हीच योग्य. मात्र जलाशयाच्या काठी गाळपेरीच्या जमिनीत गाडी उतरवू नये. वरून कोरडी दिसणारी ही माती चाकाखाली खचते, आणि मग गाडी ओढून काढण्यास ट्रॅक्टर आणावा लागतो.

दुसरी वाट भोरहून आंबवडे व तेथून रायरेश्वर-केंजळगडाकडे जाते. आंबवड्याचा झुलता पूल व नागेश्वराचे देवालय पाहण्यासारखे आहे. पुढे कोर्ल्याच्या बाजूस चढ तीव्र व वळणे आखूड आहेत. लांब गाडीने पायथ्याच्या गावात मुक्काम करून वर जीपने अथवा पायी जावे.

तिसरी वाट भोरहून नीरा-देवघर जलाशयाच्या काठाने, हिरडोशीवरून वरंध घाट उतरून महाडास जाते. भोर ते महाड हे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. पण त्यास निम्मा दिवस धरावा. पावसाळ्यात दरडींच्या भयामुळे हा घाट जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाने वारंवार बंद होतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, ती याच डोंगररांगेच्या पायथ्याशी.

चौथी वाट वेल्ह्याची. नसरापुराजवळच्या चेलाडी फाट्यावरून मार्गासनीवरून वेल्ह्यास जावे. अंतर तीस किलोमीटरांच्या आसपास आहे. मार्गासनीहून एक फाटा राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावास जातो, आणि वेल्हे तर तोरण्याच्या पायथ्याशीच आहे. पुढे केळदपर्यंत रस्ता आहे. परंतु केळदजवळचा मढे घाट ही पाऊलवाट आहे. त्या वाटेने गाडी कोकणात उतरत नाही, हे नवख्यास आवर्जून सांगावे. सिंहगडाच्या बाजूने पाबे घाटातूनही वेल्ह्यास येता येते. पण तेथील चढ व वळणे लहान मोटारीस ठीक, अवजड गाडीस नव्हेत.

चारही वाटांवर निघण्यापूर्वी राजरस्त्यावर किंवा भोरात टाकी भरून घ्यावी. डोंगराआड भ्रमणध्वनी लागत नाही, म्हणून मुक्कामाची जागा, खूण व यजमानाचे नाव आदल्या दिवशीच कागदावर टिपून घ्यावे.

हंगाम

आपल्या भागात भाताचे पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते, मळणी होते, आणि नंतर ज्यास पाणी नाही त्याची बहुतेक जमीन पुढच्या पावसापर्यंत पडून राहते. प्रवाशाचा हंगामही हाच. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत हवा कोरडी व वाटा मोकळ्या असतात. मार्चनंतर डोंगरावरचे गवत वाळून वणव्याचे भय वाढते. तेव्हा उघड्यावर शेकोटी करू देऊ नये. पावसाळ्यात धबधबे पाहण्यास गर्दी लोटते, परंतु त्याच दिवसांत लावणीची घाई असते आणि जमीन चाकाचा भार सोसत नाही. मुरूम व खडी घालून पक्की केलेली जागा नसेल, तर जून ते ऑक्टोबर तळ बंद ठेवणे शहाणपणाचे.

जागेची निवड

भातखाचरात गाडी कधीही घेऊ नये. जड चाकांनी बांध फुटतात, माती दबते, आणि पुढील वर्षी पाणी एकसारखे उभे राहत नाही. रोपांसाठी राब भाजावयाची जागाही वर्ज्य समजावी. उत्तम जागा म्हणजे खळे, किंवा घराजवळचा मुरमाड माळ. एका गाडीस वीस फूट रुंद व चाळीस फूट लांब जागा पुरे होते. उतार अगदी अल्प असावा, म्हणजे पाणी वाहून जाईल व बिछानाही तिरपा होणार नाही. फाटक निदान बारा फूट रुंद असावे. वाटेवर आडव्या आलेल्या फांद्या व लोंबत्या विजेच्या तारा यांची उंची आधी पाहून घ्यावी, कारण ही गाडी साध्या मोटारीपेक्षा बरीच उंच असते. गाडी वळविण्यास जागा नसेल तर मागे घेताना बांध किंवा कुंपण जाते.

पाणी, वीज व मैला

गाडीतील टाकी बहुधा शंभर लिटरांच्या आसपास असते. विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे तपासून घेऊन मगच ते पिण्याचे म्हणून द्यावे. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी शेतात सोडू न देता त्यासाठी शोषखड्डा करावा. तीन फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे व वाळू भरली म्हणजे एका-दोन गाड्यांचे काम भागते. हा खड्डा विहिरीपासून दूर व तिच्या उताराच्या खाली असावा.

गाडीतील शौचकूपात पुष्कळदा दुर्गंधीनाशक औषध घातलेले असते. असा मैला घरच्या सेप्टिक टाकीत ओतल्यास मैला कुजविणारे जंतू मरतात व टाकी काम करीत नाही. खतखड्ड्यात तर तो मुळीच टाकू नये. पाहुण्यास घरचे स्वच्छ शौचालय वापरू द्यावे, आणि गाडीतील मैला शहरात योग्य ठिकाणी रिकामा करण्यास आधीच सांगावे.

विजेच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. शेतीपंपाच्या जोडणीवरून पाहुण्यास वीज देऊ नये. ज्या कामासाठी जोडणी मंजूर झाली त्याहून निराळ्या कामासाठी वीज वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर ठरतो व त्याची वसुली होते. घराच्या जोडणीवरून द्यावयाची तरी ती कोणत्या दराने चालेल हे वीज कंपनीच्या कचेरीत विचारून घ्यावे. जमिनीत उतरविलेली अर्थिंगची तार, योग्य जाडीची वायर व स्वतंत्र मोजणीचा मीटर असल्यावाचून जोड देऊ नये. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र रात्रभर चालल्यास आठ-दहा युनिटे सहज जातात. म्हणून विजेचा आकार जागेच्या भाड्यात न मिळविता मीटरप्रमाणे घ्यावा.

खर्चाचा हिशेब

या उद्योगात शेतकरी फसतो तो बांधकामाच्या मोहाने. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, मुरूम, फाटक, शोषखड्डा व नळ यांस २०,००० रुपये लागले. एका रात्रीचे भाडे ४०० रुपये ठेवले, आणि पाणी, झाडलोट वगैरेस १०० रुपये गेले, तर शिल्लक ३०० रुपये. हंगामाचे सुमारे २४ आठवडे व आठवड्यास दोन रात्री धरल्यास ४८ रात्री होतात. त्यांपैकी निम्म्याच भरल्या तर ७,२०० रुपये सुटतात, आणि घातलेली रक्कम तीन हंगामांत परत येते. पाहुणा न आल्यास मुरूम टाकलेले खळे मळणीस उपयोगी पडतेच.

आता याच शेतकऱ्याने शेकडा दहा व्याजाने पाच लाखांचे कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या असे समजा. वर्षाचे व्याजच ५०,००० रुपये. खोलीमागे रात्री १,००० रुपये सुटले तरी केवळ व्याज फेडण्यास ५० मुक्काम पाहिजेत, मुद्दल निराळेच. जमीन तारण ठेवून असे धाडस करणाऱ्याने पहिले दोन हंगाम केवळ तळ चालवून किती लोक खरोखर येतात ते पाहावे, आणि मगच बांधकामाचा विचार करावा. कायमच्या बांधकामास अकृषिक परवानगीचाही प्रश्न येतो.

खरा नफा जागेत नसून घरच्या मालात आहे. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ, नाचणी, वरई, तूप, अंडी, आणि हंगामात करवंदे व जांभळे यांस बाजारात दलाल देतो त्याहून चांगला भाव दारातच मिळतो. पिठले-भाकरीचे जेवण दिल्यास घरातील बायांच्या श्रमाचे मोल निराळे धरून ते त्यांच्याच हाती द्यावे. जागा, वीज, जेवण व माल यांचे दर लिहिलेली पाटी फाटकावर लावावी. प्रवासी स्वस्त मुक्काम शोधतो, परंतु स्वस्त म्हणजे आधी कळलेला दर. निघताना वाढविलेला दर त्यास पुन्हा येऊ देत नाही.

नियम व एकी

पाहुण्याचे नाव, पत्ता व गाडीचा नंबर वहीत लिहून घ्यावा. परदेशी पाहुणा असल्यास त्याची खबर नियमाप्रमाणे अधिकाऱ्यांस द्यावी लागते. मद्यपान, कर्णे, उघडी शेकोटी व जलाशयात पोहणे यांस बंदी असल्याचे प्रथमच स्पष्ट सांगावे, आणि कचरा ज्याचा त्याने परत न्यावा असा नियम ठेवावा.

हे काम एकट्यापेक्षा गावाने मिळून केल्यास बरे. भोर, आंबवडे, हिरडोशी, मार्गासनी, वेल्हे व केळद अशा ठिकाणी एकेका शेतकऱ्याने दोन-तीन गाड्यांचा तळ ठेवला, सर्वांनी दर एकच ठेवले, आणि घाट बंद झाल्याची बातमी एकमेकांस व प्रवाशास वेळीच कळविली, तर पुण्याहून निघालेला मनुष्य तीन-चार रात्री या भागात सुखाने काढील. आज तो पैसा राजरस्त्यावरील हॉटेलांत जातो, आणि आपल्या वाट्यास बांधावर टाकलेल्या बाटल्या येतात. ज्या शेतकरी बंधूंस यात मन आहे त्यांनी येत्या मळणीनंतर आपले खळे, फाटक व विहीर या दृष्टीने एकदा पाहून ठेवावी, आणि शेजारच्या दोघा-तिघांशी बोलून मगच पहिला पाहुणा उतरवून घ्यावा.