धाप लागण्याआधी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. फारसं न शिकलेल्या गावातल्याच बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या, रक्तदाब मोजू लागल्या.

हृदयासाठी हे मोजमाप मोलाचं. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं अंगावर काढला, की डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, पुढे हृदयाचा जोर ओसरतो. तरी माणूस शेतात राबत असतो. त्याला काहीच जाणवत नाही.

इको तपासणीत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र हा बिघाड दिसतो. हृदयाचा जोर घटलेल्या, पण लक्षणं नसलेल्या रुग्णांना एनालाप्रिल हे औषध दिल्यावर पुढे हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण कमी झालं, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी मीठ कमी करावं, तंबाखू सोडावी, गोळ्या मनाने थांबवू नयेत आणि इको करावा का, हे डॉक्टरांना विचारावं.